पहिल्या पायरीचा कबुलीजबाब

आमच्या दोघांचं एकमत इतकं पक्कं होतं की पुण्याच्या समन्वयक बाईंनी त्याचा आलेख काढून सगळ्या मूल्यमापकांना दाखवला. बाकीच्या जोड्यांच्या दोन-दोन रेघा एकमेकींपासून रुसल्यासारख्या लांब पळत होत्या. ल-४ आणि न-२ यांची मात्र रेघ एकच दिसत होती, कारण दुसरी बरोबर तिच्याखाली होती. ल-४ म्हणजे मी, लातूरचा. न-२ नांदेडच्या. समन्वयक म्हणाल्या, भाषेच्या कामात इतकं एकमत मी आजवर पाहिलं नाही. माझा कॅमेरा बंद होता म्हणून बरं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्या एकमतामागं भाषाशास्त्र नव्हतं, माझ्या मुलीचं लग्न होतं.

हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. बोलणं हा माझा प्रांत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, म्हणजे दिवसाचे चार तास दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलतो. स्वतःचं बोलायची वेळ आली की खाकरतो आणि पाणी पितो. बायको म्हणते, ह्यांच्या पोटातलं बाहेर काढायचं तर सर्जनच लागंल. त्यात अपराधी वाटून घ्यायची मला जुनी खोड. बसमध्ये जागा मिळाली की उभ्या माणसाकडं बघून मी ओशाळतो, आणि उठून जागा दिली की त्याला संकोच झाला असेल म्हणून पुन्हा ओशाळतो. पण हा अपराध खरा होता. आणि खरं सांगायचं तर तो करत असताना मी इतका खुशीत होतो की गच्चीवर एकटाच हसत बसायचो.

काम काय होतं ते सांगतो. एका संस्थेनं संगणकासाठी मराठीचा मोठा साठा जमवला होता. उतारे, संवाद, पत्रं, पाककृती, भिंतीवरच्या सूचना, काय वाट्टेल ते. परप्रांतातून इथं आलेल्या माणसाला संगणकानं मराठी शिकवायची, तर त्याच्या आवाक्यातला मजकूर निवडता आला पाहिजे. म्हणून सहा पायऱ्या पाडल्या होत्या. पहिली, बसस्टँडवर आणि भाजीबाजारात भागवण्यापुरती. सहावी, जिथं जन्मानं मराठी माणूसही ओळ दोनदा वाचतो. यंत्रानं आपल्या अकलेनं प्रत्येक उताऱ्याला पायरी लावली होती. ती बरोबर आहे का हे आम्ही माणसांनी तपासायचं. जोडीतल्या दोघांनी एकच उतारा आपापल्या घरी वाचायचा आणि चौकोनात एक आकडा भरायचा. आकडे जुळले तर पायरी पक्की, आणि यंत्रानं तीच शिकायची. नियम एकच होता, पण जाड अक्षरांत: जोडीदारानं जोडीदाराशी बोलू नये. जोडीदार कोण हे सांगितलेलंच नसल्यामुळं तो नियम मोडणं शक्यच नव्हतं. निदान पुण्याहून तसं दिसत असावं.

माघात आम्ही नांदेडला घर बघायला गेलो. मुलाकडचे आधी लातूरला येऊन गेले होते, पसंती कळवली होती. आता आमची पाळी. देणंघेणं, मानपान आमच्या घरात खरोखर बंद झालंय. पण मुलीच्या बापानं मुलाच्या आईपुढं मान खाली-वर हलवायची, ही सवय बंद झालेली नाही. बसनं लोहा सोडलं तशी बायको कानाशी लागली. म्हणाली, तुम्ही तसंबी बोलत न्हाई, आज तर बोलूच नका. त्या जे म्हणतील त्याला हाव म्हणा. मला एवढं सोपं काम आजवर कुणी दिलं नव्हतं.

मुलाची आई निवृत्त मुख्याध्यापिका. ताठ बसणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. नात्यानं त्या पुढं विहीणबाई झाल्या, तोंडी मी त्यांना मॅडमच म्हणत आलो. चहा-चिवडा त्यांच्या यजमानांनी स्वतः करून आणला. माझ्या बायकोनं विचारलं, आता वेळ कसा जातो. तर मॅडम म्हणाल्या, संगणकाला मराठी शिकवायचं काम घेतलंय. परवाच एक उतारा आला, धपाट्यांचा. पीठ सैलसर मळा, ओल्या फडक्यावर थापा, मधे बोटानं भोकं पाडा, कडेनं तेल सोडा.

"यंत्र म्हणतं दुसरी पायरी," त्या म्हणाल्या. "कशाची दुसरी? सैलसर म्हणजे किती, हे मलाच कळत नाही. मी पाच दिले."

यजमान म्हणाले, तिला साखरेचा डबा कोणता ते अजून माहीत नाही, पाच कमीच आहेत.

माझा कप ओठाशी थांबला. तो उतारा मी आदल्या दिवशी वाचला होता आणि दोन दिले होते. धपाट्याला पाच देणारं माणूस मराठवाड्यात असेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं, आणि ते माझ्यासमोर सोफ्यावर बसलं होतं. न-२.

"तुम्ही तर मराठीचे प्राध्यापक," त्या माझ्याकडं वळल्या. "पाच बरोबर ना?"

बायकोचं कोपर बरगडीत रुतलं.

"हाव," मी म्हणालो. "पाचच."

परतीच्या बसला अहमदपूर स्टँडवर थांबा होता. बायको आणि मुलगी खाली उतरून उसाचा रस प्यायला गेल्या. मी मोबाइल काढला, तो उतारा उघडला आणि दोनाचे पाच केले. वाईट वाटायला हवं होतं, नाही वाटलं. उलट अंगातून एक गार झुळूक गेली. आपलं मत आपल्याला बाळगावं लागत नाही, ते कुणाच्या तरी दारात ठेवून येता येतं, हा शोध मला पन्नाशीनंतर लागला.

लग्न ठरल्याचा फोन आला तेव्हा मी मॅडमना हळूच सांगून टाकलं की आपण बहुधा एकाच जोडीत आहोत. मला वाटलं, त्या शिस्तीच्या, त्या म्हणतील की मग हे थांबवलं पाहिजे. मी मनातून तेच मागत होतो. त्यांनी तो नियम एकदा मोठ्यानं वाचून बघितला. मग म्हणाल्या, "नियम जोडीदारांसाठी आहे, सर. आपण सोयरे म्हणून बोलतोय."

मग दर रविवारी सकाळी दहाला फोन. त्या आठवड्याचे उतारे घेत, आकडा सांगत, कारण सांगत, मी हाव म्हणत असे. सुरुवातीला विचार करून हाव म्हणायचो. मग हाव म्हणून विचार करायचो. चैत्र लागेपर्यंत विचार गळाला, हाव राहिलं.

त्यांची कारणं ऐकण्यासारखी असत. उभा जन्म शाळेच्या कार्यालयात गेलेला, त्यामुळं 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की' हे वाक्य त्यांना पाळण्यातल्या गाण्याइतकं ओळखीचं. परिपत्रक म्हटलं की पहिली पायरी. यात काय अवघड आहे, म्हणायच्या, आमच्या शिपायाला पाठ होतं. उलट घरातलं, शेतातलं, चुलीजवळचं सगळं पाचच्या वर. एका उताऱ्यात नळावर दोन शेजारणींचं भांडण होतं, इतकं सोपं आणि इतकं रसाळ की मला वाचताना चूळ भरल्यासारखं ताजं वाटलं. मॅडमनी सहा दिले. असलं मी कधी ऐकूनच घेतलं नाही, म्हणाल्या, मग कळणार कसं. मी हाव म्हणालो आणि फोन ठेवून गच्चीवर पळालो. खाली बायको मुलीला सांगत होती, तुझ्या पप्पांना लग्नाचा आनंद लईच झालाय.

यंत्र बिचारं शिकत होतं. दोन मोठी माणसं एकमुखानं सांगतायत म्हटल्यावर ते तरी काय करणार. आम्ही त्याला शिकवलं की मराठी माणूस आधी अहवाल सादर करायला शिकतो आणि म्हातारपणी कधीतरी पाणी मागतो.

अशातच तो आलेख आला. आमचे उतारे हे कसोटीचा संच ठरले. म्हणजे बाकीच्या प्रत्येक मूल्यमापकाचे आकडे आता आमच्या आकड्यांशी ताडून बघायचे. जो जुळेल तो भरवशाचा, जो जुळणार नाही तो गळणार. त्यात न-७ नावाचं एक पान आमच्याशी कुठंच जुळत नव्हतं. समन्वयक मला म्हणाल्या, सर, काढून टाकण्याआधी तुम्ही एकदा त्यांना समजावून बघा, पायऱ्या कशा द्यायच्या ते.

न-७ म्हणजे मुदखेडच्या एक शिक्षिका, पस्तिशीच्या. सकाळी तांड्यावरच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवायच्या. दुपारी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, तिकडून तेलंगणातून, आंध्रातून बदलून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या बायकांना मराठी. या कामाच्या शेवटी जो अनुभवाचा दाखला मिळणार होता, तो त्यांना हवा होता. कायम जागेची जाहिरात निघाली तर जोडायला. हे त्यांनी पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाकलं, काही लपवलं नाही. मी त्यांना ताई म्हणालो. पडद्यावर त्यांच्यामागं एक फळा होता आणि खिडकीत मोगऱ्याचे गजरे वाळत घातल्यासारखे टांगलेले.

मी विचारलं, तुम्ही आकडा कसा ठरवता.

"मी न्हाई ठरवत, सर," त्या म्हणाल्या. "मी उतारा बायांना वाचून दाखवते. कळला तर खालची पायरी, न्हाई कळला तर वरची. माझं मत मी घेतच न्हाई त्यात."

आता बघा. त्या एका वाक्यात त्या सगळ्या कामाचा जीव होता. आम्हा कुणालाही ते सुचलं नव्हतं, लातूरला नाही, नांदेडला नाही, पुण्याला तर नाहीच. आणि मी, कसोटीच्या संचाचा अर्धा मालक, घसा खाकरून म्हणालो की तसं चालत नाही, मूल्यमापकानं स्वतःच्या प्रगल्भतेनं ठरवायचं असतं. प्रगल्भता हा शब्द मी वापरला. तो आठवला की अजून मानेला घाम येतो.

मग परिपत्रकाच्या पानावर आलो. तिथं त्यांनी एका चौकोनात दोन आकडे भरले होते, तीन आणि पाच. मी म्हणालो, एका चौकोनात एकच आकडा, ताई.

"तांड्यावरच्या पोरांना पाच, सर, आणि इथल्या बायांना तीन. कारण काय होतं, ह्या बायांना—"

"कारण नको," मी म्हणालो. "आकडा एक द्या. इथं पहिली पायरी धरा."

मग त्यांनी वहीत काहीतरी खोडल्याचा आवाज आला. "चुकलं माझं, सर," म्हणाल्या. "सवय न्हाई ना आम्हाला ह्या कामाची."

मी फोन बंद केला आणि पाणी प्यायलो. त्या दिवशी गच्चीवर गेलो नाही.

पुढं महिनाभर लग्नाची धावपळ. त्यात एका दुपारी ताईंचा फोन आला. मी शिकवलेल्या पायऱ्यांप्रमाणं त्यांनी वर्गात धडे सुरू केले होते. पहिल्या पायरीचे, म्हणजे आमचे, म्हणजे परिपत्रकाचे. बाया हुशार, भराभर शिकल्या. मग एक जण बाजारात जाऊन भाजीवालीला म्हणाली, वांग्यांच्या दराबाबत खुलासा सादर करावा. भाजीवाली हातातली वांगी टाकून उभी राहिली, तिला वाटलं कुणी साहेबीण तपासणीला आली. दुसरीनं शेजारणीचं दार वाजवून सांगितलं, आपल्या घरी चहा घेण्यास मंजुरी मिळावी. ताई हे सांगताना स्वतःच हसत होत्या, आणि मी तर जिन्याच्या पायरीवर बसून पोट धरलं. किती दिवसांनी मी दुसऱ्या माणसाबरोबर हसत होतो.

हसता हसता त्या म्हणाल्या, "पण त्या भाजीवालीकडं लोक हसले, सर, तर तिघी यायच्या बंद झाल्या. म्हणतात, मराठी हाफिसाची भाषा हाय, आम्हाला न्हाई जमणार. आणि पुण्याहून निरोप आलाय की माझे आकडे अजूनबी कमी जुळून राहिले, नाव काढतील. मीच कुठंतरी कमी पडून राहिले. तुम्ही दोन ओळी लिहून द्याल का, की ह्या प्रयत्न करून राहिल्या म्हणून?"

मी म्हणालो, देतो. त्या दोन ओळी मी आठ दिवस लिहीत होतो. खरं लिहायचं तर एकच ओळ होती, की न-७ बरोबर आहे आणि कसोटी खोटी आहे. पण ती ओळ लिहिली की खाली दुसरी आपोआप उमटत होती, की मुलाच्या आईला मी चार महिने फसवलंय, आणि लग्न पंधरा दिवसांवर. एकीकडं ताईंचं नाव, एकीकडं माझ्या मुलीचा संसार. मी कागद घडी करून खिशात ठेवायचो, काढायचो, पुन्हा ठेवायचो.

बस्ता बांधायला आम्ही सगळे नांदेडला जमलो. लग्नाचे कपडे दोन्ही घरांनी एका गादीवर बसून घ्यायचे, ही आमची मोठी मौज. भर दुपार, पांढरी गादी, समोर सेल्समन साड्या अशा फेकतोय की हवेत पट्टे. मॅडम मधोमध. त्यांचा फोन वाजला. पुण्याच्या समन्वयक. त्यांनी स्पीकर लावला, मांडीवर शालू होता म्हणून. सेल्समन ओरडत होता, गर्द जांभळ्यात अजून एक दाखवतो, बसा वहिनी. समन्वयक विचारत होत्या की कसोटीचा संच आज कायम करायचा आहे आणि न-७ यांचं नाव वगळायचं आहे, तुमची संमती आहे ना. मॅडम शालूच्या काठावर बोट फिरवत म्हणाल्या, काही हरकत नाही. फोन संपला आणि लगेच माझा वाजला.

मी उठून खांबाआड गेलो. समन्वयकांनी तोच प्रश्न विचारला. मी खाकरलो. मागं सेल्समन पुन्हा खच्चून ओरडला की गर्द जांभळ्यात अजून एक दाखवतो, बसा वहिनी.

"सर," समन्वयक म्हणाल्या, "हाच माणूस, हेच वाक्य, मी आत्ता न-२ यांच्या फोनवर ऐकलं."

अजूनही खोटं बोलता आलं असतं. नांदेडला जांभळ्या साड्या दाखवणारी माणसं काय कमी आहेत. पण खिशातला कागद मांडीला टोचत होता, आणि मला एकाएकी इतकं हसू आलं की ते आवरता आवरता तोंडातून खरंच बाहेर पडलं. मी खांबाआडून पुढं आलो, गादीच्या कडेला उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"आम्ही सोयरे आहोत. दर रविवारी फोनवर ठरवतो. त्या संचातले सगळे आकडे मॅडमचे आहेत, माझा एकबी न्हाई. न-७ बरोबर आहेत. त्यांना चुकीचं मी शिकवलं."

सेल्समनच्या हातातली साडी अर्धी उलगडून थांबली. फोनमधून समन्वयक थंडपणे म्हणाल्या की न-७ यांना वगळल्याचं पत्र थांबवते, त्यांच्या पानांवरचे शेरे मी स्वतः वाचते, आणि तुम्हा दोघांशी नंतर बोलते. नंतर त्या खरंच बोलल्या, आणि आमचा संच रद्द झाला, पण तेव्हा मला फक्त माझ्या बायकोचा चेहरा दिसत होता. ती दात आवळून पुटपुटली, "बोललात एकदाचे. पण हीच वेळ सापडली?"

मॅडमनी चष्मा काढला. मी त्यांना बिनचष्म्याचं कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे धपाट्याला तुम्ही पाच दिलेच नव्हते?"

"दोन."

"आणि नळावरच्या भांडणाला?"

"दोनच."

"परिपत्रकाला?"

मी पाणी शोधत होतो. "पाच," म्हणालो. "एक-दोनदा सहा वाटले होते."

"सहा," त्या म्हणाल्या. हा आकडा त्यांना लागला. "शाळेतबी सगळे हाव म्हणायचे. मला वाटलं, निवृत्तीनंतर एक शहाणा माणूस भेटला, ज्याला खरंच पटतंय." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं पण असंच हाव म्हटलंय का, ते आधी विचारून घ्या. मला मान हलवणारी सून नको."

तेवढ्यात दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून मुलीचा आवाज आला. "काकू, मी तुमच्या मुलाला मघापासून न्हाईच म्हणून राहिले. त्याला ही सोनेरी शेरवानी घ्यायची आहे. तुम्ही या इकडं, मला एकटीला ऐकत न्हाई तो."

मॅडमनी मान वळवून ती शेरवानी बघितली. ओठ आवळले. "चांगलं करतीयेस," म्हणाल्या, "अजिबात ऐकू नको." आणि माझ्याकडं वळून, "ह्या न-७ कुठं राहतात?"

"मुदखेडला."

"मग उठा. बस्ता हे बघतील." हे म्हणजे यजमान. त्यांनी हात जोडून मला निरोप दिला, तुरुंगात जाणाऱ्याला देतात तसा.

मुदखेड गाडीनं अर्ध्या तासावर. वाटेत मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत आणि मलाही हाव म्हणायला काही मिळालं नाही. क्वार्टरमध्ये ताईंचा वर्ग भरला होता. दहा-बारा बाया चटईवर, केसांत मोगरा. मी दारातच ताईंना सगळं सांगितलं, या वेळी न खाकरता. त्यांनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग आला, तो त्यांनी लपवला नाही.

"तुम्ही मला फसवलं, ते एक वेळ ठीक," त्या म्हणाल्या. "पण मी ते ह्यांना शिकवलं. ह्यांना वाटतं, बाईंनाच येत न्हाई. तेवढं तुम्ही ह्यांना सांगा. ह्यांना कळंल असं."

मी फळ्याजवळ उभा राहिलो. वर्षानुवर्षं फळ्याजवळ उभा आहे, पण असा कधी नाही. तोंडात आलेलं पहिलं वाक्य होतं की माझ्या हातून घडलेल्या प्रमादाबद्दल मी दिलगिरी व्यक्त करू इच्छितो. ते गिळलं. दुसरं आलं, तेही गिळलं. शेवटी म्हणालो, "मी मास्तर. लातूरचा. मी खोटं बोललो."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. पुढची एक म्हणाली, "खोटं अंटे?" खोटं म्हणजे काय, असं ती विचारत होती.

मी हातवारे केले. तोंडापुढं हात नेला, उलटा फिरवला. त्यांना वाटलं मला तहान लागली आहे. एकीनं पाणी आणून दिलं. ताई मदत करेनात, हाताची घडी घालून उभ्या. तेव्हा मागून मॅडम म्हणाल्या, "असत्य."

"आ, असत्यम्," सगळ्या एकदम म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका स्वच्छ प्रकाश पडला की मीच दिपलो. माझं खोटं त्यांना परकं, आणि मॅडमचं असत्य त्यांच्या घरचं. कार्यालय, सूचना, अधिकारी, हे शब्द त्यांच्या भाषेत शेपूट लावून आधीपासून बसलेले. ताई त्या दिवशी जे कारण सांगू बघत होत्या ते हे होतं. मॅडमनी विजयानं माझ्याकडं पाहिलं. ताईंनी मॅडमकडं पाहिलं आणि पहिल्यांदा जरा हसल्या. म्हणाल्या, म्हणून तर तीन दिले होते. पण तीन, मॅडम, एक न्हाई.

मग मी सुटलो. असत्य सापडल्यावर सगळं सोपं होतं. मी म्हणालो, बाई बरोबर. मी चूक. तुम्ही हुशार. भाजीवाली पण बरोबर, वांगी कशी दिली, एवढंच विचारा. त्या खदखदून हसल्या. मग त्या प्रश्न विचारायला लागल्या, ताईंनी शिकवल्याप्रमाणं, एकेक शब्द जोडून.

"तुम्ही का असत्य?"

"मला भीती वाटली."

"कोण भीती?"

मी बोट दाखवलं. सगळ्या माना मॅडमकडं वळल्या. मॅडम म्हणाल्या, "मी?" आणि एक बाई चटकन सरकली, त्यांना चटईवर जागा केली आणि स्वतःच्या केसातला गजरा काढून त्यांच्या हातात दिला. भीतीवर उपाय म्हणून की काय. मॅडम खाली बसल्या. शाळेत त्या कधी चटईवर बसल्या असतील असं वाटत नाही.

ताईंनी फळ्यावर माझी वाक्यं लिहून काढली आणि वर्गाकडून म्हणवून घेतली. मास्तर असत्य बोलले. मास्तरांना भीती वाटली. बाई बरोबर आहेत. दहा-बारा गळे सुरात म्हणत होते, खिडकीतून रस्त्यावर जात होतं, आणि मला लाजेनं मरून जायच्या ऐवजी उड्या माराव्याशा वाटत होत्या. माझा अपराध मोठमोठ्यानं, बिनचूक उच्चारात, तीन-तीनदा.

झाल्यावर ताईंनी विचारलं, कळलं का सगळ्यांना. सगळ्यांनी हात वर केले. मागं भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, कुणाची तरी सासू, तिनं नाही केला. ती तेलुगूत काहीतरी म्हणाली. ताईंनी सांगितलं की शब्द कळले त्यांना, सर, पण त्या म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाला ह्या बाईची भीती कशाची, ते न्हाई कळलं. जरा समजावून सांगा.

मी घड्याळ बघितलं. परतीची गाडी पंधरा मिनिटांत होती. मॅडम गजरा माळायच्या खटपटीत होत्या, तो त्यांना जमत नव्हता. मी म्हातारीसमोर चटईवर मांडी घातली आणि मुलीच्या लग्नापासून सांगायला सुरुवात केली, एकेक शब्द शोधत. ती गाडी गेली, तिच्यानंतरचीही गेली.